पूर आला की टेम्पो भरून निघतो आपण, पण आधी कुणाच्या दारात?

नदीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत आम्ही पुण्यातले आठ-दहा जण सामान घेऊन कोल्हापूरकडे गेलो होतो. संस्था नाही, नोंदणी नाही. कॉलेजातले मित्र, दोघांच्या बायका आणि एकाचा टेम्पोवाला मेहुणा, एवढीच आमची फौज. यंदा पाणी चढायच्या आधीच बसून एक पानभर लिहून काढायचं ठरवलंय: कशाला हात घालायचा, कशाला नाही, आणि आधी कुणाकडे जायचं.

आधी आमची फजिती सांगतो. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, त्यामुळे पुणे-बेंगळुरू रस्ता बंद. रस्ता सुटला तसे आम्ही निघालो. टेम्पोत बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, मॅगी आणि सोसायटीतून गोळा झालेले कपड्यांचे बावीस गठ्ठे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात पोचलो तर एसटीच्या निवाऱ्यात आमच्या आधीच आलेल्या कपड्यांचा पुरुषभर ढीग. वरून पाऊस. ढिगाच्या पायथ्याशी कुणाचा तरी जरीचा ब्लाऊज चिखलात पडलेला, त्यावर कुत्रं निजलेलं. आमचे गठ्ठे कुठं उतरवू म्हणून विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला, "दादा, परत न्या की. न्हाईतर हे आमालाच उचलून टाकाय लागतंय."

बिस्किटं मात्र संपली. टेम्पो मेन रोडला उभा केला आणि दोन तासांत सगळं खलास. फोटोबिटो झाले. निघताना कळलं की गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे तीसेक घरांची वस्ती आहे आणि तिकडे एकही गाडी गेलेली नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर गुडघाभर गाळ होता ना. आम्हीही गेलो नाही. अंधार पडत होता आणि मेहुण्याला सकाळी दुसरं भाडं होतं.

म्हणून माझ्या पानावर पहिली ओळ अशी आहे: जिथं गाडी जात नाही तिथून सुरुवात. बाकीचं सगळं तिच्या मागून. तुम्ही लोक काय म्हणता? पूर पाहिलेल्यांनी जास्त लिहा, आमच्यासारख्या जाऊन आलेल्यांनी कमी.

घाईतला गडी

एवढं कागद रंगवून काय होणार? पुरात माणसं अडकतात तेव्हा पान वाचत बसायचं का? २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आम्ही ट्रकच्या ट्यूबा फुगवून, दोर बांधून शेजारच्या गल्लीतली माणसं काढली. कुणाला विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मन पाहिजे बस्स.

औदुंबर

घाईतला गडी, तुमच्याबद्दल आदर आहेच. गल्ली तुमची, पाण्याची ओढ कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक. पण मी पलूस तालुक्यातला आहे, म्हणून ब्रह्मनाळ विसरू शकत नाही. ८ ऑगस्ट २०१९. ग्रामपंचायतीची बोट, पेलेल त्यापेक्षा जास्त माणसं, त्यात बायका आणि लहान पोरं. उलटली. गावच्याच लोकांना वाचवायला निघालेली बोट होती हो ती. मन कुणाचं कमी नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच हिशेब: जितकी लाइफ जॅकेट तितकीच माणसं बोटीत, मग काठावर कुणी कितीही रडो. पुण्याहून येणाऱ्यांनी तर पाण्यात उतरायचंच नाही. त्या कामाला एनडीआरएफ आहे, कोल्हापूरची व्हाइट आर्मी आहे. जिल्हा प्रशासन आपदा मित्र म्हणून स्वयंसेवकांना शिकवून तयार करतं, हौस असेल तर ते प्रशिक्षण घ्या. न शिकता उतरलेला माणूस म्हणजे वाचवायच्या यादीत आणखी एक नाव.

नदीकाठ

हे पानावर गेलं. पाण्यात उतरायचं नाही, माणूस अडकलेला दिसला तर १०७७ ला फोन.

शिरोळकरीण

मी पुरातली आहे, त्यामुळं जरा मोठं लिहिते, वाचा.

आमचं घर २००५ ला बुडालं, २०१९ ला बुडालं, २०२१ ला परत. लोक विचारतात, एवढं पाणी येतंय तर आधी निघत का नाही तुम्ही? आमच्या सासऱ्यांचं सांगते. दारात दोन म्हशी, एक गाभण. गावात दवंडी झाली, पोलीस येऊन गेले, दीर ओरडला. सासरे म्हणाले, म्हशी कुठं बांधू ते सांग, मग निघतो. याचं उत्तर कुणाकडंच नव्हतं. छावणीत माणसांची सोय, जनावरांची नाही. शेवटी ओट्याला पाणी लागल्यावर निघाले, तेही म्हशी सोडून देऊन. एक सापडली, गाभण होती ती नाही. पाणी यायच्या आधी कुणी उंचावर चार बांबू रोवून, वर प्लास्टिकचा कागद टाकून, ओली वैरण आणि पेंड आणून ठेवली असती तर आमचे सासरे पहिल्याच दिवशी बाहेर पडले असते. तुम्हाला वैरण ही जनावरांची मदत वाटते. ती माणसं बाहेर काढायची मदत आहे.

दुसरं, किट. तांदूळ, डाळ, तेल, चटणी सगळं मिळालं, नाव ठेवत नाही. पण चूल भिजलेली, सिलिंडर वाहून गेलेला, तवा गाळात कुठं रुतला ते पंधरा दिवसांनी कळलं. पाच किलो तांदूळ मांडीवर घेऊन बसले होते मी. काडेपेटी नाही! ज्यानं कुणी पहिल्या दिवशी शिजवलेली खिचडी आणली आणि आठवड्यानं तवा, पातेलं, उलथनं, चार ताटल्या असं बांधून दिलं, त्याचं नाव मला माहीत नाही, पण तवा अजून वापरात आहे.

तिसरं लिहायला लाज वाटत होती, पण लिहिते. आम्ही शाळेत होतो. तीनशेच्या आसपास माणूस आणि संडास दोन. बायका पहाटे चारला उठून नंबर लावायच्या, आणि सारखं जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. पाण्याच्या बाटल्यांची खोकी मात्र व्हरांड्यात छताला टेकलेली. पॅड मागायचं कुणाकडं? वाटणारी सगळी पोरं विशीतली. आमच्यातली एक जण अंगणवाडीच्या ताईंना बोलली, ताईंनी दुसऱ्या गावच्या ताईंना फोन केला, तेव्हा कुठं मिळाली. तुमच्या टेम्पोत दोन बायका होत्या म्हणता ना, त्यांना पुढं बसवा. गठ्ठे मोजायला नको, बायकांशी बोलायला.

आणि फोटो. आमचा चार एकर ऊस आहे. देणारा हात आमचा, वारीतल्या लोकांना जेवू घालणारं घर. रांगेत उभं राहून पिशवी घेताना मिस्टरांनी टोपी पुढं ओढली, तर पोरगा म्हणतो, काका वर बघा. त्या दिवसानंतर ते रांगेला गेले नाहीत. मीच जायचे.

कुंपणावरचा

"काका वर बघा" 😐 बिस्किटापेक्षा सेल्फी जास्त टिकते.

हिशोबनीस

फोटोबद्दल दुसरी बाजू मांडतो, शिव्या खाईन. मी एका छोट्या ट्रस्टचे हिशेब बघतो. देणगीदार पैसे देतो तेव्हा त्याला कळायला हवं की पैसे कुठं गेले. हा हक्क आहे त्याचा. आणि आपल्याकडे पुराच्या नावानं पावती पुस्तकं छापणारे कमी नाहीत. तेव्हा "फोटो काढूच नका" हे म्हणायला छान आहे, पण उद्या कुणी विचारलं की चाळीस हजारांचं काय केलं, तर?

नदीकाठ

आम्ही २०२१ ला यावर एक तोड काढली होती. बिलाचा फोटो, भरलेल्या टेम्पोचा फोटो, उतरवलेल्या सामानाचा फोटो. घेणाऱ्याचा चेहरा नाही. ग्रुपवर रोज रात्री जमा आणि खर्च, दोनच आकडे. शिल्लक राहिली ती कुठं वळवायची तेही ग्रुपवर विचारून. एकानं कुरकुर केली की चेहरे दिसत नाहीत तर "फील" येत नाही. त्याचे दोन हजार परत केले.

हिशोबनीस

परत केले हे भारी. एक पुस्ती जोडतो: तुमचा ग्रुप नोंदणीकृत नाही, त्यामुळे करसवलतीची पावती देता येणार नाही, हे आधीच सांगा. नोंदणीकृत ट्रस्टलासुद्धा दोन हजारांच्या वर रोख दिले तर करसवलत मिळत नाही, आणि वस्तू दिल्या तर मुळीच नाही. मार्चमध्ये फोन येतात, म्हणून लिहिलं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून वाचतेय. दर पुराच्या वेळी आमच्या मंडळात पैसे जमतात आणि मग ते पाठवायचे कसे यावर महिनाभर ईमेल चालतात. कुणीतरी सरळ भाषेत सांगेल का?

हिशोबनीस

सरळ भाषेत: तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर मराठी कितीही अस्खलित असली तरी धरलं जातं, आणि मग एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येतं, तेही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ते पैसे पुढं दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. म्हणजे "मोठ्या संस्थेकडे पाठवू, ती गावातल्या छोट्यांना वाटेल" हा जुना मार्ग बंद. मंडळाचे एकत्र जमवलेले पैसे तर नदीकाठसारख्या मित्रांच्या ग्रुपला अजिबात पाठवू नका, तुम्ही आणि ते, दोघंही गोत्यात याल.

वाशिष्ठी

चिपळूणहून. आमचा पूर वेगळा. तुमच्याकडे पाणी हळूहळू चढतं आणि आठ दिवस बसतं. आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला एका रात्रीत आलं आणि जाताना बाजारपेठेत गाळ ठेवून गेलं. त्यामुळे आम्हाला तांदळाच्या आधी माणसं हवी होती. हात.

सगळ्यात कामाची ठरली ती देवरुख-लांज्याकडची पोरं. स्वतःची फावडी, घमेली, खराटे, रबराचे वायपर आणि एक डिझेलवरचा पंप घेऊन आली. आल्या आल्या विचारलंन, काकी, खयसून सुरवात करू? स्वतःची भाकरी बांधून आणलेली, रात्री देवळात झोपली, आमच्याकडे चहासुद्धा मागितला नाही. त्याच दिवशी दुसरा एक ग्रुप आला, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, आणि पहिला प्रश्न: राहायची सोय कुठे आहे? अहो, आमचीच कुठे होती!

एक चूक मात्र त्या गुणी पोरांकडूनही झाली, आणि ती आमचीही. समोरच्या दुकानदाराचा सगळा भिजलेला माल त्यांनी उत्साहाने दुपारपर्यंत बाहेर फेकला. तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा दुकान लख्ख. नुकसान दाखवणार काय? तेव्हा पानावर लिहा: झाडू मारायच्या आधी मालकाच्या फोनवर फोटो. इथे फोटो हवाच आहे, पण मालाचा. आणि भिजलेले कागद फेकू नका. रेशनकार्ड, सातबारा, पोरांचे दाखले गाळाच्या गोळ्यातून निघतात, सावलीत पसरून वाळवले तर वाचतातही.

आणि एक गोष्ट विचारायची आहे, हसू नका. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं होतं. दोन पोरं तिकडे पुस्तकं काढायला गेली तर एकजण खेकसला, माणसं गाळात आहेत आणि तुम्ही पुस्तकं कसली वाचवताय! मला तेव्हा त्याचं पटलं होतं. आता नाही पटत. घर आपण परत उभं केलं. १८६४ सालापासूनचं ग्रंथालय कुठून आणायचं?

घाईतला गडी

पुस्तकं की माणसं असं विचारलं तर माणसंच. यात चर्चा कसली?

वाशिष्ठी

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी तसा प्रश्न नव्हताच हो. प्रश्न होता पुस्तकं की वाण्याच्या दुकानातल्या फरशा.

माळवद

मी उमरगा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव थकून झोपलेलं. मातीत रचलेल्या दोन-दोन हात जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. जवळपास आठ हजार माणसं गेली. माझी आत्या त्यात.

पहिल्या दिवशी ढिगारे उपसले ते शेजारच्या गावच्या लोकांनी, नुसत्या हातांनी. मग सैन्य आलं, मग जगभरातून मदत, आणि त्यांच्याबरोबर बघे. जीपा भरभरून यायचे, गळ्यात कॅमेरा. सामानाच्या गाड्या त्यांच्या मागं अडकायच्या. धागाकर्त्याला प्रश्न: तुमच्या दहा जणांपैकी बघायला येणारे किती आणि कामाला किती? रागावू नका, ही चाळण लावाच.

पण मला सांगायचंय ते पुढचं. महिन्या-दोन महिन्यांत सगळे गेले. बावन्न गावं नव्या जागी वसवली. पक्की घरं मिळाली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, दोन घरांत एवढं अंतर की आई म्हणायची, हाक मारली तर जाऊबाईला ऐकू जाईना. जुन्या गावात संध्याकाळी दारातून दारात गप्पा चालायच्या. घर कसं पाहिजे हे बाईमाणसाला कुणी विचारलंच नाही, आणि विचारायला थांबलेला माणूस मला आठवतो तो एकच. शहरातले एक मास्तर, दर पंधरा दिवसांनी रविवारी यायचे, दोन वर्षं. आणायचे काही नाही. पोरांचं गणित घ्यायचे, म्हाताऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, तहसीलला सोबत जायचे. आमच्या घरात त्या मास्तरांचं नाव निघतं. ब्लँकेट कुणी दिलं ते कुणाला आठवत नाही, आणि ब्लँकेट चांगलं होतं.

गावची सिस्टर

प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. थोडक्यात लिहिते, ड्युटीवर आहे.

वाटायला औषधांची खोकी आणू नका. २०१९ ला आमच्याकडे मुदत संपत आलेल्या अँटिबायोटिकचा एवढा साठा आला की तो नष्ट करायचाच वेगळा ताप झाला. लेप्टोसाठी (पुराच्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्सीसायक्लिन आम्ही देतो, पण गरोदर बाई आणि लहान पोरं वगळून, नोंद ठेवून. कुठल्या तरी ग्रुपनं चॉकलेटासारखी वाटली होती.

खरं अडतं कुठे, तर म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोळ्यांपाशी. बीपी, शुगर, फिट्स. डबा वाहून गेलेला, नाव आठवत नाही, "पांढरी बारकी गोळी" एवढंच. आशाताईंच्या वहीत बरंच सापडतं. तुम्ही इन्सुलिन बर्फात घालून आणून दिलंत तरी आम्ही पाया पडू.

पाणी: टाकी धुऊन टीसीएल (ब्लीचिंग पावडर), घरात मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब). बाटल्या पहिले दोन दिवस, नंतर नकोत, त्यांचा कचरा नाल्यात बसतो. छावणीसाठी जगभर स्फीअर नावाचं माप वापरतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, आणि घाईगर्दीतसुद्धा ५० माणसांमागे एक संडास, पुढे लवकरात लवकर २० मागे एक. शिरोळकरीण ताईंच्या शाळेचा हिशेब तुम्हीच करा. फिरता संडास भाड्यानं मिळतो. कुणी देणगीदार त्यावर नाव घालायला तयार नसतो, एवढीच अडचण :)

कुंपणावरचा

नदीकाठराव, एक विचारू? ओढ्यापलीकडची ती तीस घरं. कुणाची वस्ती होती?

नदीकाठ

बौद्ध वस्ती.

कुंपणावरचा

वाटलंच. म्हणजे नुसता गाळ आडवा नव्हता.

घाईतला गडी

झालं, आली जात. पुरात सगळे सारखे असतात हो.

औदुंबर

पाण्यात सारखे असतात. टेम्पोपाशी नसतात. गाडी थांबते चावडीपुढं, यादी करतो तो ज्याच्या ओट्यावर तुम्ही चहा पिता तो. वाईट माणूस असतो असंही नाही, त्याला त्याची गल्ली आधी दिसते. रेडक्रॉसची सात तत्त्वं १९६५ ला व्हिएन्नात ठरली, त्यात निःपक्षपात दुसऱ्या नंबरला आहे, फक्त गरज बघून, आणि सगळ्यात निकडीचं आधी. आपल्या मराठीत सांगायचं तर ओळखीच्या घरी आधी पंगत वाढायची नाही.

उपाय सोपा आहे. सरपंचाची यादी घ्याच, नाही घेतली तर गावात टिकणार नाही. पण आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांची वहीही घ्या, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं, गरोदर कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. एकीत आहे आणि दुसरीत नाही, अशी घरं निघाली की पहिली फेरी तिकडं.

नदीकाठ

कुंपणावरचा, तुमचं बरोबर आहे. मी पहिल्या पोस्टमध्ये "खालच्या अंगाला वस्ती" एवढंच लिहिलं आणि गाळावर ढकललं. तेव्हा गाडीतही आम्ही तसंच म्हणालो होतो. पानावर "जिथं गाडी जात नाही" याच्या खाली आता औदुंबर यांच्या दोन याद्या.

वैरणीचं डोक्यात नव्हतंच. कपडे बंद, नवीन आतले कपडे आणि टॉवेल सोडून. तवा-पातेल्याचा संच आला. एक अडचण राहतेय: पंधरा दिवसांनी येणारा मास्तर आमच्यात कोण होणार? सगळे नोकरीवाले. दोन वर्षं सोडा, दोन महिनेसुद्धा कुणी नीट हो म्हणत नाहीये. मीही हो म्हणालेलो नाही अजून.

माळवद

मग एकच गाव धरा. दहा गावांना एकदा जाण्यापेक्षा एका गावाला दहादा.

घाईतला गडी

बाकीच्या नऊ गावांनी काय घोडं मारलंय?

माळवद

काही नाही मारलं. पण दहा माणसांत दहा गावं होत नाहीत. मी तर म्हणतो दोनही होत नाहीत.

शिरोळकरीण

नदीकाठ, तुमचं ते गाव कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिरोळकरीण

व्यनि बघितला. आमच्या शेजारचंच गाव की हो! त्या वस्तीतल्या दोघी आमच्या बचत गटाच्या मीटिंगला येतात, त्यांना विचारलं आज. म्हणाल्या, टेम्पो आठवतोय, बिस्किटं वाटत होता तो. पोरं ओढ्याच्या काठावर येऊन बघत उभी होती म्हणे.

नदीकाठ

काय बोलू. या रविवारी आम्ही तिघं येतोय, सामान न घेता. वाट बघून ठेवतो, ताईंना भेटतो, त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकतो. वैरण ठेवायला उंचावरची जागा असेल तर तीही. चालेल ना?

शिरोळकरीण

चालेल. पण सकाळी या, दुपारी बायका भांगलणीला जातात. ओढ्यावर आता मोरी झालीय, पहिल्या चढाला तीही बुडते, तेव्हा टेम्पोचा नाद सोडा. ट्रॅक्टर दिराचा आहे, तो देईल म्हणालाय. डिझेल तुमचं.